आडवा येणारा रविकांत

जगातली प्रत्येक थोर प्रेमकथा पावसात सुरू होते. आभाळ भरून येतं, छत्री उलटी होते, एक ओली बट गालाला चिकटते आणि दोन जिवांचं कल्याण होतं. निसर्गाचाच नियम आहे हा, त्याला अपवाद नाही.

अडचण एवढीच, की साल १९७३ होतं, गाव पाथर्डी तालुक्यातलं तिसगाव होतं आणि गेल्या पावसाळ्यात तिथे पाऊस पडलाच नव्हता. छत्र्या होत्या, त्या लोक उन्हासाठी वापरत होते. त्यामुळे ही प्रेमकथा नाइलाजानं भर मार्चात, खडीच्या ढिगाशेजारी, सुकडीच्या वासात सुरू करावी लागत आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

गावाबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. बाया मातीच्या पाट्या वाहायच्या, आणि त्यांची लेकरं बाभळीला बांधलेल्या ताडपत्रीखाली बसून सुकडी खायची. सुकडी म्हणजे गोडसर कोरडं पीठ. घशात अडकायचं, पण पोट भरायचं. या लेकरांवर देखरेख होती इंदूची. इंदू म्हणजे नृसिंह मास्तरांची मुलगी. मास्तरांची बदली होऊन ही मंडळी वर्षभरापूर्वीच तिसगावात आली होती. इंदू मॅट्रिक झालेली, अंगानं बारीक, डोळ्यांनी टपोरी आणि स्वभावानं प्रश्नार्थक. लहानपणी सत्यनारायणाच्या पूजेत तिनं भटजींना विचारलं होतं, साधुवाण्याची नाव नेमकी कुठल्या नदीत बुडाली? भटजींनी उत्तर म्हणून आरती सुरू केली होती.

त्या सुमारास गावात एक बातमी होती, की सुकडी पाठवणाऱ्या परदेशी संस्थेचा साहेब कधीही तपासणीला येईल. त्यामुळे एका सकाळी बांधावरून एक उंच, लालगोरा, घाऱ्या डोळ्यांचा तरुण लंगडत येताना दिसला, तेव्हा इंदूनं वेळ घालवला नाही. लेकरांची नाकं पुसली. रांग केली. रांगेनं स्वागतगीत म्हटलं. मग पदर खांद्यावर घेऊन इंदू पुढे झाली आणि मॅट्रिकच्या सगळ्या शिदोरीनिशी म्हणाली,

"गुड मॉर्निंग, सर! दीज आर अवर चिल्ड्रेन. दे आर ईटिंग सुकडी डेली. दे आर व्हेरी हॅपी."

त्यातल्या एका हॅपी लेकरानं भोकाड पसरलं.

साहेब हात जोडून शांतपणे ऐकत होता. भाषण संपलं तसा म्हणाला, "लई ग्वाड बोलला बाई. पर आमची आई कुठं हाय? चांगुणा?"

चांगुणाबाई म्हणजे इंदूच्या हाताखाली लेकरं सांभाळणारी बाई. ती झोळीमागून धावत आली, त्याच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि ओरडली, "आरं माझ्या रविकांता! पायाला काय झालं रं?"

इंदूचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"तुम्ही... तुम्ही आधीच का नाही सांगितलंत?"

"तुमी बोलत हुता," तो म्हणाला. "मधी कसं आडवं यावं?"

हे वाक्य त्यानं अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हटलं; त्यातली गंमत तिला पुढे कळली. कारण आडवं येणं हाच त्याचा धंदा होता.

*

रविकांत गॉर्डन. नाव आईनं ठेवलेलं, आडनाव बापानं. मूळची तिसगावची चांगुणाबाई तरुणपणी कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याच्या दवाखान्यात कामाला होती. कारखान्याच्या बॉयलरवर एक स्कॉटिश साहेब होता. साहेबाचा हात भाजला, चांगुणेनं पट्टी बांधली, आणि पट्टी सुटेपर्यंत रजिस्टर लग्न झालं. मुलगा चार वर्षांचा असताना साहेब मायदेशी गेला. जाताना म्हणाला, बोलावून घेतो. फार व्यवस्थित माणूस होता म्हणतात. फक्त तेवढं राहून गेलं.

पोरगा कारखान्याच्या मैदानावर फुटबॉल शिकला, नगरला शाळेच्या संघातून खेळला, आणि एका सामन्यात त्यानं लष्कराच्या संघाच्या दांडग्या फॉरवर्डला असं काही धरून ठेवलं, की मुंबईच्या एका रंगाच्या कंपनीनं त्याला उचललं. कंपनीत तो कागदावर कारकून होता. टेबलाशी फक्त पगाराच्या दिवशी बसायचा. बाकी काम मैदानावर. जागा स्टॉपरची, म्हणजे गोलकीपरच्या पुढ्यात उभं राहून येईल त्याला थोपवायचं. सध्या गुडघा दुखावला होता आणि पुढचा मोसम सुरू होईपर्यंत विश्रांती घ्यायला सांगितलं होतं. ती घ्यायला तो दुष्काळी कामावर आला होता. रोज येऊन ताडपत्रीच्या सावलीत पाय लांब करून बसायचा आणि मांडीवर कुणाचं ना कुणाचं लेकरू झोपवायचा.

इंदूच्या हाती आयतं कोडंच लागलं.

"चांगुणाबाई सांगायच्या, माझा मुलगा पायानं पगार मिळवतो," ती म्हणाली. "मला वाटलं, पोस्टमन असेल."

"पोस्टमन लोकांच्या दारात जातो. मी कुनाला दारात येऊ देत न्हाई."

"मग पुढे काय करता?"

"पुढं?"

"म्हणजे चेंडू अडवला, घेतला. मग?"

"मग देतो दुसऱ्याला. तो पळतो."

"आणि गोल?"

"गोल तोच करतो. हार बी त्यालाच."

"तुम्ही एकही गोल नाही केलात? कधीच?"

रविकांतनं मांडीवरच्या लेकराच्या तोंडावरची माशी हाकलली. "मधली रेघ असती बाई, मैदानात. तिच्या पल्याड मी गेलोच न्हाई कधी. तिकडं काय असतं, मला म्हाईत न्हाई."

"बघावंसं नाही वाटत?"

 त्यानं नुसतं बघितलं तिच्याकडे. घाऱ्या डोळ्यांनी बघितलेलं जरा जास्तच लागतं, अशी इंदूची त्या दिवसापासून समजूत झाली. ती उठून सुकडीचं पिंप झाकायला गेली. पिंप झाकलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर.

"मुंबईत तुम्हाला साहेब म्हणतात?"

"पब्लिक 'गोऱ्या' म्हनतं. चुकलं की 'गोऱ्या, घरी जा' म्हनतं. म्हंजे नेमकं कुठं, त्ये कुनी सांगत न्हाई."

"वाईट वाटतं?"

"आता न्हाई वाटत. एकदा देशाच्या संघासाठी निवड चालली हुती. तिथल्या सायबानं इचारलं, तुमी भारतीय का? मी म्हनलं, न्हाई, पाथर्डी तालुका."

"आणि?"

"न्हाई घेतलं."

इंदू हसली. पदर तोंडात धरून हसली, तरी पलीकडे पाट्या वाहणाऱ्या बायांना ऐकू गेलं. बाया एकमेकींकडे बघून सावकाश चालायला लागल्या. मुकादमाला वाटलं, ऊन वाढलंय.

असे दिवस चालले होते. तो तिला अडवायचं शिकवायचा... माणसाच्या डोळ्यांकडे बघायचं नाही, कमरेकडे बघायचं, डोळे फसवतात, कंबर नाही. मग आपण काय बोललो हे ध्यानात येऊन स्वतःच लाल व्हायचा. ती मुद्दाम विचारायची, "कशाकडे बघायचं म्हणालात?" आणि तो खडीच्या ढिगाकडे बघत बसायचा.

एकदा तिनं खरंच विचारलं, थट्टा बाजूला ठेवून, "पण हेच का निवडलंत? सगळ्यांना गोल करायचा असतो."

त्यानं मांडीवरचं लेकरू दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"आमचा बाप लई पुढं पुढं करायचा, म्हनं. नाचायचा, गायचा, आईला घोड्यावर बसवायचा. मंग एकदम मागं गेला, पार स्कॉटलंडपत्तुर. मी बारका हुतो. फाटकात उभा हुतो, आन मोटार निघून गेली." त्यानं दुखरा पाय चोळला. "तवापास्नं कुनी जोरात चाललेलं दिसलं, की मला आडवं व्हावं वाटतं. बास."

 इंदूनं पाण्याची कळशी त्याच्याकडे सरकवली. त्या साली तिसगावात पाणी देणं म्हणजे काय होतं, हे आज सांगून पटायचं नाही.

*

आणि मग एका गुरुवारी ती म्हणाली, "रविवारी मला बघायला येणार आहेत."

"कोन?"

"कोपरगावचे. मुलगा कारखान्यात ऊसकाट्यावर कारकून आहे. राधाकृष्ण नाव. आई म्हणते, घरात नळ आहे."

नळ! केशरबाई, म्हणजे इंदूची आई, हा शब्द देवाच्या नावासारखा उच्चारायच्या. रात्री उशाशी हंडा घेऊन झोपणाऱ्या बाईला जावयाचे बाकीचे गुण दिसेनासे झाले, तर दोष कुणाचा? "अगं, नुसता फिरवायचा, की पाणी!" त्या म्हणायच्या. "मुलाचं नाक जरा बसकं आहे म्हणे. पण नळ आहे."

"नळ चांगला," रविकांत म्हणाला.

"मुलाकडचे जवळजवळ तयारच आहेत. मी पसंत पडले, तर तिथल्या तिथे साखर वाटणार."

"बरं."

"बरं?"

"मंग काय म्हनू?"

"काही नका म्हणू!" इंदू उठली. "तुम्ही बसा रेघेच्या अलीकडे. चेंडू दुसऱ्या कुणी नेला की टाळ्या वाजवा!"

ती ताडताड निघून गेली. झोळीतली दोन लेकरं जागी झाली. चांगुणाबाईनं मुलाकडे बघितलं. "तुझा बाप निदान बोलत तरी हुता रं," ती म्हणाली.

*

रविवारी सकाळी रविकांतनं पिशवी भरली. आईला म्हणाला, गुडघा बरा आहे, मुंबईला जातो. आणि फाट्यावर येऊन उभा राहिला.

तिथेच कोपरगावची जीप थांबली. आत नवरा मुलगा राधाकृष्ण, इस्त्रीच्या मनिला शर्टात. शेजारी त्याचे काका, काकासाहेब. काकासाहेबांना सगळ्या कमिट्या ठाऊक होत्या आणि सगळ्या कमिट्यांना काकासाहेब. त्यांनी मास्तरांच्या घरचा रस्ता विचारायला मान बाहेर काढली, आणि बघतात तो काय, भर दुष्काळात, बाभळीखाली, पिशवी घेतलेला गोरा साहेब!

"अरे, सुकडीवाला!" ते पुतण्याच्या कानात ओरडले. "साहेब, कम, कम! यू सिट! फ्रंट सीट! आमच्या भागाची उपसा सिंचन योजना... यू सी... पेंडिंग!"

साहेबानं तोंड उघडलं असतं, तर भ्रम तिथेच फिटला असता. पण साहेबाला त्या जीपमध्ये बसलेला मनिला दिसला. जीप ज्या दिशेनं निघाली होती ती दिशा कळली. आणि कुणी जोरात चाललेलं दिसलं, की त्या माणसाला काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे. तो पुढच्या सीटवर बसला आणि गप्प राहिला. साहेब जितका कमी बोलतो तितका तो मोठा, हे काकासाहेबांना अनुभवानं माहीत होतं. दारापर्यंत त्यांच्या लेखी तो बराच मोठा झाला.

मास्तरांनी बघितलं. मुलगा उतरला, काका उतरले, आणि पुढच्या सीटवरून चांगुणेचा रविकांत उतरला.

"मास्तर, बोलला नाहीत!" काकासाहेब खालच्या आवाजात म्हणाले. "फार वरच्या ओळखी आहेत तुमच्या गावात!"

मुलीच्या बापानं पाहुण्यांची चूक दुरुस्त करायची नसते, ही रीत मास्तरांना पाठ होती. ते म्हणाले, "बसावं."

ओसरीवर चार खुर्च्या मांडल्या होत्या. रविकांत नेमका मधे बसला. एका अंगाला राधाकृष्ण, दुसऱ्या अंगाला आतलं दार. इंदू पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, तिनं त्याला बघितलं, आणि ट्रेमधल्या बशा वाजल्या.

मग पुढचा अर्धा तास त्या ओसरीवर जे झालं, ते मुंबईच्या कूपरेज मैदानावर झालं असतं तर लोकांनी तिकीट काढून बघितलं असतं. राधाकृष्ण मुलगी बघायला डावीकडे कलला, तर साहेबाला डावीकडची बशी हवी झाली. तो उजवीकडे कलला, तर साहेबाला उजवीकडे पाणी हवं झालं. त्यानं मान उंचावली, तेव्हा साहेबानं छपराच्या पन्हाळीची पाहणी करायला उठून उभं राहणं पसंत केलं. कुठे धक्का नाही, फाउल नाही. ऊसकाट्यावर बसून उसाची मोळी नजरेनं तोलणारा तो बिचारा पोरगा, त्याला साडीच्या काठापलीकडे काही दिसेना.

"स्वयंपाक... येतो का?" त्यानं अखेर साहेबाच्या खांद्याला विचारलं.

"गप रे!" काकासाहेब म्हणाले. "साहेबांसमोर स्वयंपाक काय काढतोस!"

इंदूच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. ती पुढे झाली. वाकून, अगदी आदबीनं म्हणाली, "सर, मोअर पोहे?"

"...नो," साहेब म्हणाला.

"व्हाय, सर?"

साहेबाच्या कपाळाला घाम आला. काकासाहेबांनी मात्र मांडीवर थाप मारली.

"इंग्रजी बोलते! मास्तर, आता बघणं-बिघणं बास. ज्या घरात साहेब पोह्यांना येतो, त्या घराला आम्ही नाही म्हणणारे कोण? मुलगी पसंत! साखर आणा!"

"काका, पण मी अजून..." राधाकृष्ण म्हणाला.

"तू नंतर बघ. जन्म पडलाय."

केशरबाई साखरेला आत धावल्या. इंदूच्या चेहऱ्यावरचं हसू जिथल्या तिथे थिजलं. आणि रविकांतच्या ध्यानात आलं, की त्यानं आज आयुष्यातला सगळ्यात चोख बचाव केला होता, आणि त्यामुळेच गोल झाला होता. आपल्याच बाजूवर.

"थांबा," तो म्हणाला.

"वा! मराठीही!" काकासाहेब खूश झाले.

"मी सायब न्हाई. मी हितल्या चांगुणाचा रविकांत. सुकडी माझ्याकडं न्हाई, आन तुमची पान्याची योजना बी न्हाई. मी बॉल आडवतो. आन... हे लगीन ठरवू नका."

 काकासाहेबांचा हात मांडीवर थाप मारायला उचललेला, तो तसाच राहिला.

"का?"

हा प्रश्न काकासाहेबांनी विचारला नव्हता. इंदूनं विचारला होता.

"बाई, समद्यांसमोर..."

"का ठरवू नये? कारण सांगा. अडवता तर तुम्ही रोजच. पुढे काय?"

"पुढं..." त्याच्या गोऱ्या कानांची पाळी लालबुंद झाली. "पुढं मी कधी गेल्लो न्हाई."

"ठाऊक आहे."

"पडन मी."

"पडा."

त्यानं मुठी वळल्या, सोडल्या. "मला तुमी पायजे, इंदूबाई," तो म्हणाला. एकदा बोलायला लागल्यावर थांबता येईना त्याला. "तुमचे परश्न पायजेत. सकाळ-सांच्याला. मी आज पळून चाल्लो हुतो, बापागत. यष्टी आल्ती फाट्यावर. दांडी धरली हुती मी... पर पाय उठंना."

"गुडघा दुखत असेल," इंदू हळूच म्हणाली.

"गुडघा बरा हाय."

दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली. आतून केशरबाई साखरेची वाटी घेऊन बाहेर आल्या आणि वाटी कुणापुढे धरावी हे न कळून दारातच थांबल्या.

"आई," इंदू म्हणाली, "मला नळ नको."

राधाकृष्णाला आता कुणी अडवत नव्हतं. त्यानं पहिल्यांदाच मुलगी नीट बघितली, सुस्कारा सोडला आणि उठला. "मुलगी चांगली आहे, काका," तो म्हणाला. "पण रोज एवढ्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, तर आपला ऊसकाटा बरा." जाताना त्यानं केशरबाईंच्या हातातल्या वाटीतून चिमूटभर साखर तोंडात टाकली. मनानं मोकळा पोरगा होता. जीप गेली, आणि काकासाहेबांचा आवाज वेशीपर्यंत ऐकू येत राहिला.

राहिले मास्तर. विरोध करायचा, हे त्यांचं ठरलेलं होतं. प्रश्न सुरुवात कुठून करावी एवढाच होता. जात घ्यावी, तर अर्धी इथली. उरलेल्या अर्धीबद्दल पंचांगात काही दिलेलं नव्हतं. धंदा घ्यावा, तर चेंडू अडवणे. त्यांनी चष्मा पुसला.

"गोत्र?" त्यांनी विचारलं.

"गॉर्डन," रविकांत म्हणाला.

मास्तरांनी चष्मा पुन्हा पुसला. मग मुलीकडे बघितलं. ती खांबाला टेकून उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, आणि बोलायला लागल्यापासून पहिल्यांदाच काहीही विचारत नव्हती.  केशरबाईंनी वाटी खाली ठेवली. रविकांत निकालाची वाट बघत ताठ उभा होता.

मास्तर खाकरले.

"रविकांत."

"जी."

"या खुर्च्या ग्रामपंचायतीतून मागून आणल्यात. अंधार पडायच्या आत पोचत्या करायला हव्यात. दोन तुम्ही घ्या, दोन इंदू घेईल. आणि जरा बेतानं... त्या कडेच्या खुर्चीचा पाय निघतो."